शपथ, दुसऱ्यांदा

ओटावा, २७ मे १९६३

चि. इसोबेल हिस ताईचे आशीर्वाद.

तुझी प्रकृती बरी आहे असं धरून चालते, कारण तू ते कधीच लिहीत नाहीस.

क्वेबेकमधल्या जोडप्याला घटस्फोट द्यायला कोर्ट नाही, दरेकासाठी संसदेला वेगळा कायदा करावा लागतो, हे माझ्या वर्गातल्या मुलींना अजून खरं वाटत नाही. तुझं विधेयक सेनेटनं मंजूर केलं, खालच्या सभागृहात ते रखडलं आणि फेब्रुवारीत संसद बरखास्त झाल्याबरोबर मेलं. आज संसदेच्या कचेरीत जाऊन आले. अशी विधेयकं पुन्हा उभी करायला दोन्ही सभागृहं तयार आहेत. साक्षी मागच्याच धरतील. फक्त तू आणि मी, दोघींनी नव्यानं शपथेवर लिहून द्यायचं की आधी सांगितलं ते सगळं खरं आहे आणि नवऱ्याशी आतून काही ठरलेलं नव्हतं. वर्तमानपत्रातली नोटीस मात्र पुन्हा छापावी लागेल.

अर्ज सोबत आहे. सही करून लगेच पाठव. रडत बसू नकोस, शाई फुटते.

तुझी काळजी करण्याची सवय जडलेली,
विनिफ्रेड

मॉन्ट्रियल, २ जून

ती. ताईस सा. नमस्कार.

अर्ज टेबलावर आहे. ह्यू रोज विचारतो, सही झाली का. सप्टेंबरात त्याची बँक त्याला व्हँकुव्हरला पाठवते आहे. त्याआधी लग्न नाही झालं तर तो एकटा जाईल, असं त्यानं सरळच सांगितलं.

पण शुक्रवारी मी बूट घ्यायला गेले होते. पाय पुढे केला आणि खाली गुडघ्यावर बसून माप घेणारा माणूस लॉर्न होता, कागदावर अजून माझा नवरा. पहिली नोटीस छापून आली तेव्हा शाळेनं त्याला मास्तरकीवरून काढलं हे मला माहीत होतं. तो कुठे गेला हे मी कधी विचारलंच नाही. तो म्हणाला, तुझ्या डाव्या पायाला अजूनही अर्धा नंबर मोठा लागतो. मी बूट न घेताच पळाले.

ताई, त्या हॉटेलात काय झालं ते तुला माहीत आहे. घटस्फोटाला व्यभिचाराचा पुरावा लागतो म्हणून भाड्यानं आणलेली ती बाई संध्याकाळभर स्वेटर विणत होती आणि लॉर्न शब्दकोडं सोडवत होता. ठरल्या वेळी तू गुप्तहेराला घेऊन दार ठोठावलंस, तेव्हा त्यानं टायवरूनच रात्रीचा झगा चढवला. घर मी मोडलं, ह्यूशी संबंध माझे. माझं नाव खराब होऊ नये म्हणून त्यानं आळ स्वतःवर घेतला. आता तेच खोटं पुन्हा छापायचं? मला सांग काय करू. तू सांगशील ते करीन.

तुझ्या रागाची वाट पाहणारी,
इसोबेल

मॉन्ट्रियल, ५ जून

ती. विनिफ्रेडताईंस सा. न. वि. वि.

इसोबेल सही करत नाही असं तिनं कळवलं. तुम्ही तिला दटावा, ते तुम्हाला छान जमतं. मला आता व्यभिचारी असण्याचा अनुभव आहे. दुसऱ्यांदा अवघड जाणार नाही. दुकानात कुणी नोटिसा वाचत नाही.

फक्त आई वाचते. मागच्या वेळी ती महिनाभर चर्चला गेली नाही. या वेळी त्या दिवसाचा पेपर मी लपवीन. खरं काय ते तिला सांगितलेलं नाही. सांगितलं तर ती तडक इसोबेलच्या दारात जाईल, आणि ते मला नको आहे.

माझ्याविषयी कसलाही राग मनात धरू नये.
लॉर्न

ओटावा, ९ जून

चि. इसोबेल हिस आशीर्वाद.

लॉर्नचं पत्र आलं. मला राग आला असता तर बरं झालं असतं. बत्तीस वर्षं मी मुलींना एकमेकींच्या वहीत बघितलं म्हणून वर्गाबाहेर उभं केलं, आणि सेनेटच्या समितीपुढे हात वर करून खोटं बोलले. तेही ठणठणीत आवाजात. अध्यक्षांनी माझ्या स्पष्ट उच्चारांचं कौतुक केलं होतं. ते कौतुक मला झोपू देत नाही.

अर्ज परत पाठवू नकोस, फाड. माझ्या सहीशिवाय तो पुढे जात नाही आणि मी सही करणार नाही. आपलं विधेयक पुन्हा उभं करू नका, असं मी कचेरीला कळवलं आहे. आता लॉर्ननं स्वतः अर्ज करायचा, तुझ्याविरुद्ध. मी त्याच्या बाजूनं साक्ष देईन: तो गावी गेलेला असताना सकाळी मी तुझ्याकडे आले, खुंटीवर ह्यूची राखाडी टोपी होती आणि तो तुझ्या स्वयंपाकघरात अंडं खात होता. मागच्या साक्षीचं विचारतील. तेही सांगेन. मुख्याध्यापिकाबाईंना काल सांगून टाकलं. त्यांनी मला या आठवड्यात वर्ग घेऊ नका म्हटलं. खोट्या शपथेचा खटला होईल की नाही ते पुढचं पुढे.

वर्ष जाईल. नोटिशीत तुझं नाव छापतील. ह्यूनं थांबायचं की नाही, हे त्याचं त्यानं बघावं.

तुझ्यावर माया आहे, हे लिहायचं राहून जातं म्हणून लिहिते.
विनिफ्रेड

मॉन्ट्रियल, १७ जून

ती. ताईस सा. नमस्कार.

अर्ज फाडला. ह्यूला सांगितलं, त्यानं व्हँकुव्हरला न्यायच्या सामानाला खोकी कुठे मिळतील असं विचारलं. लॉर्नच्या आईकडे जाऊन आले. तिनं आत घेतलं नाही, पण सगळं दारात उभी राहून ऐकलं. रविवारी ती चर्चला गेली, असं लॉर्न सांगतो.

एक दुरुस्ती. ह्यूची टोपी राखाडी नव्हती, तपकिरी होती. शपथेवर सांगायचं आहे, तेव्हा नीट लक्षात ठेव.

तुझी,
इसोबेल