चष्म्याच्या डबीतल्या गोळ्या

प्रिय धाकटे,

दुपारची जेवणं झाली की आमचा हा वृद्धाश्रम पाण्याखाली गेल्यासारखा होतो. पडदे हलतात, पण आवाज नाही. त्याच वेळी तुझे बाबा येतात. दाराशी चपला काढतात, माझ्या पायथ्याशी बसतात आणि सायकलची हवा गेली म्हणून कुरकुरतात. मी म्हणते, अहो, मेल्यावर तरी सायकल सोडा. ते हसतात. जाग येते तेव्हा माझी उशी ओली नसते, हे मुद्दाम सांगते.

जेवणानंतरची पांढरी गोळी घेतली, की मात्र कुणी येत नाही. विहिरीत दगड पडावा तशी झोप लागते. म्हणून मी गोळी जिभेखाली धरायची आणि सिस्टरची पाठ वळली की चष्म्याच्या डबीत टाकायची. तेरा जमल्या होत्या.

शेजारच्या खाटेवर मास्तरीणबाई असतात. जन्मभर पोरांच्या खिशातलं पेपरमिंट जप्त केलेलं. गुरुवारी त्याच हक्काने माझी डबी उघडली नि पेपरमिंट समजून दोन गोळ्या तोंडात टाकल्या. नेमका त्याच दिवशी त्यांचा मुलगा आला, वर्षातून एकदा येणारा. तीन तास झोपलेल्या बाईंचा हात धरून बसला आणि गेला. बाई उठल्या दुसऱ्या दिवशी, आणि येईल त्याला विचारत सुटल्या, आला का गं माझा मुलगा? सगळे म्हणाले, बाईंचं आता काही खरं नाही, वरच्या मजल्यावर न्या त्यांना. तिथे दाराला बाहेरून कडी असते. मी डबी उघडली, तर आत अकराच.

आज सकाळी ती डबी सिस्टरपुढे ठेवली आणि सगळं सांगून टाकलं. वाटलं, आता आपली खरडपट्टी. तिने कपाळाला हात लावला. म्हणाली, आजी, नको होती तर नको म्हणायचं! नाकारलेल्या गोळीसाठीही डबा आहे आमच्याकडे. तिने अकरा मोजल्या, वहीत लिहिल्या, दुसऱ्या सिस्टरचीही सही घेतली आणि निळ्या झाकणाच्या डब्यात सोडल्या. तो भरला की सील करून औषधवाल्याकडे नष्ट करायला जातो. बेसिनमध्ये का नाही टाकत, असं विचारलं, तर म्हणे, मग त्या नदीतले मासे खातील! मला पेंगणारे मासे दिसलेच.

मास्तरीणबाईंनी मला कान धरायला लावले. त्यांची खाट आता हलणार नाही. मुलालाही निरोप गेलाय.

राहिलं तुझं. बाबा आले होते, असं मी तुला फोनवर सांगितलं आणि तू घाईने फोन ठेवलास. त्यानंतर तूच डॉक्टरांशी बोललीस आणि ही गोळी सुरू झाली, मला ठाऊक आहे. घाबरलीस गं तू. डॉक्टर म्हणतात, गोळी बंद करता येईल, पण आधी लेकीशी बोलू. शनिवारी ते तुला फोन करतील. बाबा गेलेत, हे मला तुझ्याइतकंच कळतं. त्यांचे डोळे मीच मिटले होते. ते येतात ते स्वप्नात, आणि तेवढीच आमची भेट. डॉक्टरांना हो म्हण.

तुझीच, पूर्ण शुद्धीवर असलेली,
आई