राइझबॉलविषयी माझी दुरुस्त साक्ष

मी, मोरेश्वर वामन दातार, वय ६७, निवृत्त अभियंता, राहणार डब्लिन, ओहायो, हे पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवत आहे. औषधे चालू आहेत. त्यांचा बुद्धीवर परिणाम नाही, असे डॉक्टरांनी लेखी दिले आहे. यापूर्वी केलेली मृत्युपत्रे रद्द समजावीत.

कलम १. घर, गाडी व बँकेतील शिल्लक मुलगा यतीन याला मिळावी. मागच्या अंगणात मुलीच्या सरावासाठी त्रेचाळीस फुटांच्या अंतरावर दोन खुणा पुरलेल्या आहेत. त्या खुशाल उखडून हिरवळ लावावी.

कलम २. मुलीच्या सामन्यांच्या सर्व व्हिडिओ टेप मिशिगनमधल्या नोव्हाय गावच्या विवेकला, म्हणजे माझ्या मेहुण्याला द्याव्यात. तो दर भेटीत विचारत असे, "काय भाऊजी, पोरीला गोफण शिकवताय का?" त्याच्यासाठी खुलासा: फास्टपिच, म्हणजे वेगवान सॉफ्टबॉलमध्ये, हात खांद्याभोवती पूर्ण फिरवून चेंडू कमरेखालून सोडतात. राइझबॉलला सुटताना उलटी फिरकी मिळते, हवा त्याला वर रेटते आणि तो अपेक्षेपेक्षा कमी खाली येतो. बॅट करणारीची नजर नेहमीच्या पडण्याला सरावलेली असते, म्हणून तिला चेंडू उसळल्याचा भास होतो व बॅट त्याच्या खालून निघून जाते. केवढी सुंदर गोष्ट आहे ही! विवेकने प्रत्येक टेप शेवटपर्यंत पाहावी.

कलम ३. माझा चेंडू झेलण्याचा मिट, म्हणजे जाड चामडी हातमोजा, कचऱ्यात टाकावा. देणगी देऊ नये. या देशात पिचर, म्हणजे चेंडू टाकणाऱ्या, मुलींचे वडील उलट्या बादलीवर बसून सराव घेतात. मी तसा अकरा वर्षे बसलो. डाव्या हाताची तर्जनी आजही वाकत नाही.

कलम ४. स्त्रियांची व्यावसायिक लीग काही काळ बंद राहून २००४ साली नव्याने सुरू झाली. मोजके संघ, मोजक्या जागा. पुढच्या जानेवारीत एका संघाच्या प्रशिक्षक बाई माझी मुलगी राधिका हिला पाहायला घरी आल्या. त्यांनी मलाच विचारले, "हिचे चेंडू सर्वांत जास्त तुम्ही झेललेत. राइझबॉलवर भरवसा ठेवता येईल?" मी हसून म्हणालो, "कसला भरवसा! कधी चढतो, कधी नाही. अजून खूप शिकायचंय तिला." बाईंनी ते वहीत लिहून घेतले.

त्या गेल्यावर राधिका म्हणाली, "बाबा, why would you say that?"

"अगं, पाहुण्यांसमोर आपल्याच मुलीचं कौतुक कोण करतं?"

"त्या पाहुण्या नव्हत्या, बाबा. You were my reference!"

निवडीच्या दिवशी तिचे नाव पुकारले गेले नाही. बाईंनी पत्रात कारण दिले: खुद्द वडिलांनाच खात्री नाही. मी खुलाशाची तीन पत्रे पाठवली. जागा भरल्या होत्या. राधिकाने त्यानंतर चेंडू हातात घेतला नाही.

म्हणून शपथेवर लिहितो: तेव्हाचे माझे उत्तर खोटे होते. शेवटच्या हंगामात मी नोंदलेल्या ३१२ राइझबॉलपैकी २८९ तिने सांगितलेल्या जागी आले. इतका खात्रीचा चेंडू मी दुसऱ्या कोणाचा पाहिलेला नाही. संकोच हा माझा होता, उणीव तिची नव्हती.

कलम ५. राधिकाला काहीही दिलेले नाही. फोनवर तिचे शब्द होते, "मला त्या घरातलं काही नकोय. I mean it." वकिलांच्या मते, ज्याला काही मिळत नाही त्याने साक्षीदार होणे उत्तम. मी तिला विचारले. ती म्हणाली, "ठीक आहे. किती वाजता?" साक्षीदाराने मजकूर वाचलाच पाहिजे, असे कायद्यात नाही. सही करण्यापूर्वी तिने कलम ४ वाचावे, ही माझी विनंती आहे.

डब्लिन, ओहायो. शनिवार, १३ सप्टेंबर २००८.

मोरेश्वर वामन दातार

साक्षीदार १: मालिनी राजाराम गोगटे, शेजारी. मोरेश्वरकाकांनी माझ्यासमोर सही केली. मजकूर वाचला.

साक्षीदार २: राधिका मोरेश्वर दातार. सही माझ्यासमोर झाली. मजकूर वाचलेला नाही.