गाठ तेवढीच आहे

प्रिय स्मृतीअक्का,

पत्र बघून दचकू नकोस, सगळं बरं आहे. फोनवर हे बोलता येत नाही, अण्णा शेजारीच बसलेले असतात.

गोकर्णला जाता जाता दोन दिवस घरी आलो होतो. शिवाजीनगरला उतरून आधी आपल्या दुकानात गेलो. (कोपऱ्यावरच्या दोसेवाल्याने भाव वाढवलाय, चटणी मात्र तीच!) अण्णा मशीनवर रिक्षाची सीट शिवत होते आणि डोळ्यांची सूज गायब. मी खूश. मग कळलं, सूज गेली कारण त्यांनी गाठीवरची गोळीच सोडलीये. म्हणाले, ‘‘तीन स्कॅन झाले, गाठ तेवढीच. फुकट गेलं की औषध! मग तोंड कशाला सुजवून घेऊ? गिऱ्हाइकं विचारतात, अण्णा, घरी भांडण झालं का?’’

दुसऱ्याच दिवशी त्यांना ओढत दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई रागावतील असं वाटलं होतं, त्या उलट हसल्या. म्हणाल्या, पोटातली गाठ यकृतात पसरलीये, ती कापून संपणारी नाही. तिला वाढू द्यायचं नाही आणि तुम्ही तुमचं आयुष्य जगायचं, यासाठीच औषध आहे. तेवढीच राहिली म्हणजे औषध लागू पडतंय. सोडलंत तर ती पुन्हा वाढेल. मग विचारलं, तुम्हाला स्वतःला काय हवंय? हे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं ना, मीसुद्धा नाही. अण्णा म्हणाले, ‘‘स्वल्प, थोडं तरी, मशीनवर बसायला मिळावं. आणि जेवण गोड लागावं.’’ बाई म्हणाल्या, ‘‘सरी, ठीक आहे, तेच धरून चालू.’’

आता गोळी रात्रीच्या जेवणाबरोबर, वर तांब्याभर पाणी. सूज वाढू नये म्हणून लोणचं कमी केलंय, त्यावरून रोज कुरकुर. सूज थोडी आहेच. यात तीन महिने गेले, गोकर्ण राहिलं, आणि मला त्याचं काही वाटत नाही, हेच नवल. परवाच्या स्कॅनमध्ये गाठ तेवढीच. अण्णांनी अख्ख्या गल्लीला म्हैसूरपाक वाटला.

आता खरं कारण. दर रविवारी तू फोनवर विचारतेस, ‘‘अण्णा, गाठ गेली का?’’ तू काळजीनेच विचारतेस. पण ‘नाही’ म्हणताना त्यांचा चेहरा नापास झालेल्या पोरासारखा होतो, तो तुला दिसत नाही. येत्या रविवारी ते विचारू नकोस, अक्का. आज काय शिवलं, एवढंच विचार. मग तासभर फोन ठेवणार नाहीत बघ.

तुझाच, अजून घरीच असलेला,
ध्रुव