आईला सगळं आठवतं

कात्रप, बदलापूर
१२ ऑगस्ट २०२५

आबा, वैजूचा नमस्कार.

दीड महिना पत्र नाही, माफ करा. तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही, तरी लिहायचं टाळलं. काकांच्या दहाव्याला आई हसली म्हणून तुम्ही तिला इकडे पाठवलंत, तेव्हा मलाही तिचा रागच आला होता.

तिची तब्येत बरी आहे. दोन भाकऱ्या खाते. तुमचा गुडघा कसा आहे?

उल्हासनगरच्या डॉक्टरांनी तिच्या मेंदूचा फोटो काढला आणि स्मृतिभ्रंश आहे म्हणाले. मी म्हटलं, "तिला तर सगळं आठवतं, मग हा विसरण्याचा आजार कसा?"

ते म्हणाले, "ताई, याचे प्रकार असतात. मेंदूचे भाग एकमेकांशी बोलत असतात. काहींच्यात आठवणींच्या भागांचा संपर्क आधी तुटतो. आईंचा तुटतोय तो भीडभाड आणि दुसऱ्याचं दुःख सांभाळणाऱ्या भागांचा."

म्हणजे ती मुद्दाम हसली नाही, आबा.

परवा शेजारच्या कुंदाताईंना ती म्हणाली, "केवढी सुटलीस गं!" मी तिच्या हातावर चापट मारली. सत्तरीच्या आईला. तिने हाताकडे पाहिलं आणि चहा मागितला. कुंदाताईंना मी म्हटलं, "आमची आई पहिल्यापासून फटकळ." ते खोटंच होतं.

ती तुमची वाट बघते, असं लिहिणार होते. पण ती विचारत नाही. तरीही तुम्ही या. तुम्हाला बिनसाखरेचा चहा लागतो, हे तिला पक्कं आठवतं.

तुमची,
वैजू

ता. क. उद्या कुंदाताईंना खरं सांगणार आहे.