अस्वलाची चाल

मंगळवार, संध्याकाळ

जमलं! आठवडाभर माझं ॲनिमेशनमधलं अस्वल स्क्रीनवर चालत नव्हतं, नुसतं घसरत होतं. उद्या इंदिरानगरच्या ऑफिसात दाखवायचंय, नाहीतर काम दुसऱ्याकडे जाणार. आज पाऊल टेकताना अंग थोडं खाली बसवलं, डावा खांदा जरासा पाडला आणि ते चाललं की! पण तो खांदा मला सुचला कुठून?

आई चहा घेऊन आली आणि बघतच राहिली. "अय्यो, हे तर तुझे अण्णा!"

अण्णा पेपर टाकून उठले. "मी असा चालतो?" हॉलभर चालून दाखवायला लागले, तर त्यांना धड चालताच येईना. शेवटी कानडीत "सरी, सरी", म्हणजे बरं बरं, म्हणत वैतागून दूध आणायला गेले.

मी गॅलरीतून वाकून पाहिलं. गल्लीतून माझं अस्वल चाललं होतं, डावा खांदा पाडून.