उजवा गाल

अण्णा, मी रोज सकाळी तोंडाला क्रीम लावतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुमचं काय हसायचं ते हसून होईल. दोन प्रकारचं लावतो, एकावर एक. झालं हसून? मग आता गप ऐका, कारण जिवंत असताना तुम्ही माझं एकही वाक्य पुरतं होऊ दिलं नाहीत.

माझ्या उजव्या गालावर वांग आलाय. तुमच्या नातीनं मला ओढत इथं नगरमधल्याच एका कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी माझं तोंड उजेडाकडे वळवलं आणि विचारलं, "गाडी चालवता का?" मी हो म्हटलं. एमआयडीसीतल्या कामगारांची बस चालवतो. ड्रायव्हरची खिडकी उजवीकडे, ऊन उजवीकडे, म्हणून डागही उजवीकडे, इतकं साधं. एस.टी. चालवून चालवून तुमचाही उजवा गाल तसाच झाला होता, काळा ठिक्कर, सुरकुतलेला. डावा मात्र सावलीत बसून नोकरी केलेल्या माणसाचा वाटायचा. तुम्ही तो उजवा गाल मिरवायचात. "जामखेड-नगर रोडनं भाजलाय ह्यो," म्हणायचात.

बाईंनी माझं बरंच काही बंद केलं. अंगाचा साबण तोंडाला नाही, लिंबू नाही, दाढी झाल्यावर तुरटी नाही. सकाळी सौम्य फेसवॉशनं तोंड धुवायचं, खसाखसा न पुसता नुसतं टिपायचं, ओलसर आहे तोवर मॉइश्चरायझर लावायचं आणि बाहेर पडायच्या आधी सनस्क्रीन. रात्री धुवायचं आणि पुन्हा मॉइश्चरायझर. "एवढंच?" मी विचारलं. "एवढंच, पण रोज," त्या म्हणाल्या. "आणि सनस्क्रीन दुपारी परत लावायचं, गाडीवर असलात तरी." सकाळचं जमतं. न्हाणीला आतून कडी घालून लावतो. सत्तेचाळीस वर्षांचा बाप्या मी, बायकोला आणि पोरीला सगळं ठाऊक आहे, तरी कडी घालतो. ती कडी तुमच्यामुळे आहे.

विसरला असाल तर आठवण करून देतो. तुमच्यासारखी माणसं विसरतात, त्यांची ती सोय असते. मी अकरावीत होतो, तोंड पुटकुळ्यांनी भरलेलं. आईनं कटलरीच्या दुकानातून क्रीमची ट्यूब आणून दिली होती आणि आम्ही दोघांनी ती स्वयंपाकघरात डाळीच्या डब्यामागे ठेवली होती. त्या दिवशी तुम्ही दोन फेऱ्यांच्या मधे जेवायला घरी येता, मांडणीवर गूळ शोधता आणि ट्यूब तुमच्या हाताला लागते. आई म्हणते, "अवं, माझी हाय ती." तुम्ही तिच्याकडे बघतही नाही. माझं मनगट धरून मला जामखेडच्या स्टँडवर नेता. बाजारचा दिवस, गाडीभोवती ही गर्दी. तुम्ही अख्खी ट्यूब तळहातावर पिळता आणि माझ्या तोंडाला थापता, भिंत लिंपावी तशी. "बघा रं, नवरी आनलीय! कुनाला पायजे का?" कंडक्टर हसला, टपरीवाला हसला, माझ्या वर्गातली दोन पोरं हसली. मग मला गाडीत पुढे तुमच्या शेजारी इंजिनाच्या बॉनेटवर बसवलंत आणि पुसायचं नाही म्हणून बजावलंत. आष्टीला सांगितलंत, कड्याला सांगितलंत, नगरला तर उतरणाऱ्या माणसांना थांबवून सांगितलंत. क्रीम वाळून कातडी ओढली जात होती, पुटकुळ्यांची आग होत होती आणि मी समोरच्या काचेतून रस्ता बघत बसलो होतो. घरी परतल्यावर आईनं तोंड धुवायला कोमट पाणी दिलं. त्यानंतर आपण तिघंही त्याबद्दल कधी बोललो नाही.

लोक म्हणतात, गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये. जिवंत पोराबद्दल भर स्टँडवर बोललेलं चालतं वाटतं. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. दर वर्षी पित्राला तुमच्या नावानं पान वाढतो, खीर-वडे सगळं रीतसर, आणि वाढताना मनात एकही चांगला शब्द येत नाही. आणून बघितला. मग नाद सोडला.

आज दुपारी दुसऱ्या पाळीची माणसं यायच्या आधी मी गाडीतच ट्यूब काढली. इतके दिवस दुपारचं चुकवत होतो, आज ठरवून काढली. आरशात बघून गालावर बोटानं रेघ ओढली आणि तेवढ्यात दार उघडलं. पॅकिंगला काम करणारी एक बाई वर चढली, रोज पहिल्या सीटवर बसते ती. तिनं बघितलं. हसली नाही. उलट म्हणाली, "लावा की भाऊ, लई ऊन हाय. माझ्या पोराला बी डाक्टरनी हेच दिलंय." चांगली बाई आहे, मनापासून बोलली. पण माझ्या कानात तुमचंच घुमायला लागलं, नवरी आनलीय, नवरी आनलीय. मी बाहीनं गाल पुसून काढला, इतका जोरात की चरचरला. "ग्रीस लागलं हुतं," म्हणालो. ती बिचारी आपल्या सीटवर जाऊन बसली. पुढचा सगळा रस्ता तो गाल उन्हात उघडा होता आणि मी तुम्हाला शिव्या घालत गाडी हाणत होतो.

घरी आल्यावर पोरीनं विचारलं, "पप्पा, दुपारचं लावलं का?"

"लावलं," मी म्हटलं. तिला बरं वाटलं. माझ्या पोरीशी मी खोटं बोललो, तेही तुमच्यापायी.

हा कागद कुठे टाकणार नाही. तुमच्या तसबिरीमागे तर नाहीच. लिहून झाला की फाडीन. एकच सांगायचं राहिलंय आणि ते लिहिताना मला माझाच राग येतोय. मला अजून तुमची भीती वाटते. उद्या दुपारी गाडीत परत लावणार आहे. तुम्ही तेवढं बघू नका.