शाळेबाहेरच्या चालू गाड्या

मंगळवार, संध्याकाळ

राग अजून गेलेला नाही. इथे अमेरिकेत, आमच्या नोव्हाय गावच्या थंडीत शाळा सुटायच्या वेळी सगळे गाडी चालू ठेवूनच मुलांची वाट बघतात. हीटर हवा ना! रेवाला दमा आहे, हा धूर तिला लगेच बाधतो, म्हणून शाळेच्या मागे लागून ‘इंजिन बंद ठेवा’ अशी पाटी लावून घेतली. पाटीखालीच गाड्या चालू.

आज पुढच्या गाडीची काच ठोठावली. इथल्या मराठी मंडळातले पाटणकरकाका, नातवाला न्यायला आलेले.

"काका, इंजिन बंद करता का, प्लीज? रेवाला त्रास होतो."

"अगं, दोन मिनिटांचं काय एवढं? आम्ही नाही का पुण्याच्या धुरात वाढलो?"

आणि काच वर. इंजिन चालूच. मी काय करायला हवं होतं? भांडायला?

रेवा खोकतच गाडीत बसली. पंप घेतल्यावर जरा शांत झाली, मग म्हणाली, "आई, प्लीज डोन्ट डू दॅट अगेन. इट्स एम्बॅरसिंग. मी दारापासून गाडीपर्यंत श्वास होल्ड करून पळत येते ना रोज."

रोज. आणि मला वाटायचं, आईला बघून पळत येते.